जुनी रबरी बोट घेताय? इंजिन सगळ्यात शेवटी बघा

पावसाळा सरत आला की आमच्या बेलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात हमखास फिरते. 'रबरी बोट, दहा फुटी, कमी वापरलेली, १५ एचपी इंजिनासकट. पंप फ्री.' त्याखाली दोन जातींचे लोक लिहितात. एक, ज्यांना खाडीत गळ टाकून बसायचं वेड आहे. दुसरे, ज्यांच्या सोसायटीच्या आवारात या वर्षी कमरेएवढं पाणी होतं आणि ज्यांनी आता 'आपली एक बोट हवीच' असा ठराव मांडलाय.

दुसऱ्यांचं मन समजू शकतं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. हजाराच्या वर प्रवासी होते. एनडीआरएफच्या फुगवलेल्या नारिंगी बोटी गाडीच्या डब्यांशी लागल्याची दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. तेव्हापासून ठाणे जिल्ह्यात 'रबरी बोट' हा शब्द घरोघरी पोचला. पण ती विकत घेताना जो तो इंजिनाकडे बघतो. किती एचपी, कुठल्या कंपनीचं, एका दोरीत चालू होतं का? बोट म्हणजे त्या इंजिनाखाली ठेवलेलं काहीतरी.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. कुठलं इंजिन लावायचं हे बोट सांगते, आणि बोट जे सांगते ते ऐकायला मेकॅनिक असावं लागत नाही. मोजपट्टी, साबणाचं पाणी आणि एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

तीन खोल्यांचं घर

रबरी बोट म्हणजे एक मोठी ट्यूब नसते. आत पडदे घालून तिच्या तीन, कधी चार-पाच वेगळ्या खोल्या केलेल्या असतात आणि प्रत्येकीला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो. सायकलची ट्यूब पंक्चर झाली की सगळी बसते. इथे एक खोली बसली तरी बाकीच्या उभ्या राहतात.

हिशेब सोपा आहे. एक लीटर हवा पाण्यात दाबली की ती साधारण एक किलो वजन उचलून धरते. तीन मीटरच्या बोटीची ट्यूब ४० सेंटिमीटर जाडीची धरली आणि दोन्ही बाजू अधिक पुढचं वळण मिळून सात मीटर लांबी धरली, तर आत सुमारे ८८० लीटर हवा बसते. म्हणजे ८८० किलो उचलायची ताकद. चार माणसं, इंजिन, टाकी आणि बोटीचं स्वतःचं वजन मिळून सव्वाचारशेच्या आतच जातात. तीनपैकी एक खोली फुटली तरी जवळपास ५९० किलोची ताकद उरते. बोट वाकडी होईल, बूड ओलं होईल, पण बुडणार नाही.

हे सगळं आतले पडदे शाबूत असले तरच. आणि जुन्या बोटीत नेमकं तेच कोणी तपासत नाही. विकणारा बोट टम्म फुगवून दाखवतो. आपण थाप मारतो, ढोलकीसारखा आवाज येतो, आपण खूश. खरं तर करायचं असं: एकच खोली फुगवायची, बाकीच्यांची हवा काढून त्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे आणि चहा पिऊन यायचं. शेजारची खोली आपोआप फुगायला लागली असेल तर मधला पडदा सुटलाय. हा पडदा बाहेरून दुरुस्त करता येत नाही. अशी बोट फुकट मिळाली तरी घेऊ नये.

पडदे ठीक निघाले तर सगळ्या खोल्या भरून रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी थोडी मऊ वाटली तर घाबरू नका, रात्रीच्या गारव्यानेही दाब उतरतो. मग भांड्यांच्या साबणाचं पाणी स्पंजने सगळीकडे फिरवा. बहुतेक वेळा बुडबुडे व्हॉल्व्हपाशी दिसतात आणि तो नवा बसवणं स्वस्त काम आहे. मध्येच एखाद्या ठिपक्यातून आले तर ठिगळाने भागतं. पण सांध्याच्या लांबीभर फेस धरला तर कारखान्यात लावलेला गोंदच मेलाय. आज इथे बुजवाल, उद्या तो पुढे सुटेल.

पंक्चरवाल्याकडे का नेऊ नये?

हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की त्याला वेगळी जागा देतो. बोटीचं कापड साधारण दोन प्रकारचं असतं. एक पीव्हीसी, म्हणजे धाग्यांच्या विणीवर चढवलेलं प्लास्टिक. दुसरं हायपॅलॉन, म्हणजे तशाच विणीवर चढवलेलं खास कृत्रिम रबर. हायपॅलॉन हे ड्युपाँट कंपनीचं नाव. कंपनीने २०१० मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं, पण तसाच माल दुसरे बनवतात आणि नाव तेच चालू राहिलं, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला लोक 'डालडा' म्हणतात.

फरक उन्हात कळतो. पीव्हीसी स्वस्त आणि हलकं, पण आपल्याकडच्या उन्हात पाच-सात वर्षं उघड्यावर पडलं तर चिकट होतं किंवा कडक होऊन घड्यांवर तडकतं. हायपॅलॉन वजनाला जड आणि खिशालाही, पण ऊन आणि पेट्रोलचे शिंतोडे जास्त सोसतं. ओळखायचं कसं? पीव्हीसी आतून-बाहेरून सारखंच तकतकीत दिसतं. हायपॅलॉन बाहेरून मंद असतं आणि आतली बाजू बहुधा वेगळ्याच रंगाची. तरीही खात्री नसेल तर कोपऱ्यात बारीक सँडपेपर घासा. रबराची पावडर पडते, प्लास्टिक नुसतं ओरखडतं.

दोघांचा गोंद वेगळा आणि दोन्ही गोंद दोन भागांचे, म्हणजे ऐन वेळी कडक करणारं द्रव्य मिसळून वापरायचे. पंक्चरवाल्याचं सोल्युशन सायकलच्या रबरासाठी असतं. पीव्हीसीवर ते दोन दिवस धरल्याचं सोंग करतं आणि तिसऱ्या दिवशी पापडासारखं निघून येतं. वर ती जागा तेलकट करून ठेवतं, मग खरा गोंदही तिथे धरत नाही. जुन्या बोटीवर काळी गोल ठिगळं दिसली की मी भाव निम्मा करतो.

आणि एक गोष्ट जी पुस्तकात असते पण आपल्या हवेत कोणाला आठवत नाही: हे गोंद दमट हवेत नीट धरत नाहीत. पुसलेल्या कापडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गोंद त्या थरालाच चिकटतो. नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवा ओल्या पंचासारखी असते. तेव्हा ठिगळाचं काम डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दुपारी करा, नाहीतर एसी लावून बंद खोलीत. भोकाच्या चारी बाजूंना पाच सेंटिमीटर तरी ठिगळ पसरलेलं हवं, कोपरे गोल कापलेले हवेत, आणि निदान दोन दिवस हवा भरायची नाही. आमच्याकडे हा दोन दिवसांचा धीर कोणाला निघत नाही, हे खरं पंक्चर.

भर दुपारी टम्म फुगवू नका

लहान बोटीच्या ट्यूबला लागणारा दाब अगदी कमी असतो, पाव बारच्या आसपास. गाडीच्या टायरमध्ये याच्या आठ-नऊपट असतो. पण ट्यूब जाड असल्याने कापडावर ताण बराच येतो. समजा सकाळी ३० अंशाला तुम्ही पाव बार हवा भरली आणि बोट बेलापूरच्या दिवाळे गावच्या जेट्टीवर उन्हात ठेवून जेवायला गेलात. काळपट कापड आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत सहज तापते. तेवढ्याने दाब सुमारे ०.३७ बार होतो. दीडपट! जुना सांधा अशाच वेळी फट्कन उसवतो आणि माणसं म्हणतात, 'नुसती ठेवली होती हो.' उन्हात ठेवायचीच असेल तर थोडी हवा सोडून ठेवा. उलट, गार पाण्यात उतरवली की ट्यूब मऊ पडते, तेव्हा पंप सोबत हवा.

मागची फळी: बोटीचा खरा जन्मदाखला

बोटीच्या मागे उभी फळी असते, तिच्यावर इंजिन शिकंज्यांनी आवळून बसवतात. इंग्रजीत ट्रान्सम म्हणतात, आपण मागची फळी म्हणू. इंजिनाचा सगळा जोर, सगळा धक्का, सगळी थरथर ही एकच फळी सोसते. बहुतेक बोटींत ती प्लायवूडची असते.

माझ्या पहिल्या बोटीची फळी वरून झकास दिसत होती. नवा करडा रंग, कडेला नवी पट्टी. मी ट्यूब तपासल्या, पंप तपासला, पैसे दिले. घरी आणल्यावर इंजिनाच्या शिकंज्याखालचा एक स्क्रू सैल वाटला म्हणून स्क्रू ड्रायव्हर लावला, तर तो स्क्रूसकट आत गेला. चहात बुडवलेल्या बिस्किटात बोट जावं तसा. आतून काळा, ओला भुगा आला, त्याला तिवराच्या चिखलासारखा वास. वरचा रंग आठवड्यापूर्वीचा होता. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. फळी पूर्ण बदलायला बोटीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा खर्च आला.

तेव्हा फळीवर बोटाच्या पेराने जागोजाग वाजवा. टणक आवाज हवा. बद्द आवाज आला तर थांबा. पाणी काढायच्या भोकाच्या आणि स्क्रूंच्या भोवती टोच्याने दाबून बघा, सड तिथून सुरू होते. फळी ट्यूबला जिथे चिकटवलेली असते तिथे कापडाच्या पट्ट्या असतात, त्यांची कड उचलली जाते का बघा. फळी नव्याने करून घेतलीच तर सुताराला 'मरीन प्लाय' एवढंच सांगू नका, 'सातशे दहा' म्हणा. पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक आयएस ७१० आहे, तो आकडा प्लायवर छापलेला असतो आणि किचनची कामं करणाऱ्या कुठल्याही सुताराला कळतो. प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सी भरल्याशिवाय स्क्रू मारू देऊ नका.

याच फळीवर किंवा तिच्या आसपास एक छोटी पाटी चिकटवलेली असते. जास्तीत जास्त माणसं किती, एकूण भार किती, इंजिन किती एचपीचं आणि किती किलोचं. पाटी खरवडलेली असेल तर बोटीचं मॉडेल शोधून हे आकडे मिळवा. पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

मग एचपी किती?

ठाण्याच्या तलावपाळीला उभं राहून कधी चपटा दगड पाण्यावर फेकलाय? हळू फेकला तर डुबुक करून आत जातो. जोरात फेकला तर टप्पे खात वरून सरकतो. बोटीचंही असंच असतं. हळू चालणारी बोट पाणी बाजूला ढकलत जाते, आणि या ढकलण्याला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्यात टेकलेली लांबी अडीच मीटर असेल तर ही मर्यादा ताशी सातएक किलोमीटर येते. त्याच्या वर जायला बघितलं तर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते, नाक वर आणि बूड खाली. मालक पेट्रोल जाळतो, वेग तेवढाच राहतो.

पुरेसा जोर मिळाला की ती त्या लाटेच्या वर येऊन पाण्यावरून सरकू लागते. याला प्लेनिंग म्हणतात. मग वेग एकदम ताशी २५-३० पर्यंत जातो. यासाठीचा ढोबळ हिशेब असा की दर २५ किलो वजनाला एक एचपी. बोट ५० किलो, दोन माणसं १५०, इंजिन ४०, टाकी-पेट्रोल १५, सामान २०. झाले २७५ किलो, म्हणजे अकरा एचपी. चार माणसं बसवली तर सव्वाचारशे किलो आणि सतरा एचपी, जे दहा फुटी बोटीच्या पाटीवर बहुतेक वेळा परवानगीच्या बाहेर असतं.

म्हणून तुमच्यासमोर खरे पर्याय दोनच. किनाऱ्याकिनाऱ्याने गळ टाकत फिरायचं असेल तर ४ ते ६ एचपी पुरे. पंचवीस किलोचं इंजिन एका हाताने जेट्टीच्या पायऱ्या चढवता येतं. दोघांनी लांब जायचं असेल तर दहाच्या आसपास. मधलं आठ एचपी मला कधीच पटलेलं नाही. गळ टाकायला जास्त, दोघांनी लांब जायला कमी.

'मोठंच घेतलं तर काय बिघडलं?'

तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे वजन. १५ एचपीचं जुन्या पद्धतीचं टू-स्ट्रोक ३६ किलोच्या घरात असतं, फोर-स्ट्रोक पन्नासच्या. हे सगळं बोटीच्या अगदी शेपटाला लटकतं. त्यात चालवणाराही मागेच बसतो. दोघं मिळून सव्वाशे किलो मागे आणि पुढे कोणी नाही, अशा वेळी एकदम थ्रॉटल पिळला आणि समोरून वारा आला तर हलकी बोट नाकाने उभी राहते आणि पाठीवर पलटते. पेट्रोलची टाकी आणि नांगर पुढे ठेवायचं कारण हेच.

दुसरी गोष्ट फळीची. ती जेवढ्या जोरासाठी केलीय त्याच्या दीडपट लावलात तर जुना गोंद आधी सुटतो. तिसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. इंजिनाला एक लाल गुंडाळीदार दोरी असते, किल कॉर्ड. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणाला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा गुडघ्याला. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते, इंजिन बंद होतं. नाही बांधली तर रिकामी बोट गोल गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते, खाली बोट ढकलणारा पंखा फिरत असतो. जुन्या इंजिनासोबत ही दोरी बहुधा हरवलेलीच असते आणि विकणारा जागेवर प्लास्टिकची पिन खोचून 'चालतंय की' म्हणतो. नवी दोरी मिळेपर्यंत बोट पाण्यात घालू नका.

पहिली चाचणीही रिकाम्या पाण्यात घ्या. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची जी वेगवान बोट आदळली, तिच्या इंजिनाची चाचणीच चालू होती. प्रशिक्षित माणसांच्या हातून बोट सुटू शकते, तर आपण कोण?

पंखा वारा खातो तेव्हा

शाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यापासून पंख्यापर्यंतचा खांब. लहान इंजिनांत दोन मापं येतात: आखूड, साधारण ३८ सेंटिमीटर उंचीच्या फळीसाठी, आणि लांब, ५१ सेंटिमीटरसाठी. रबरी बोटीला बहुधा आखूडच लागतो. पण 'बहुधा'वर जाऊ नका, फळीच्या मधोमध वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजा. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा दोनएक सेंटिमीटर खाली आली पाहिजे.

फळी बदलून झाल्यावर मी पहिल्यांदा दिवाळ्याला बोट उतरवली. इंजिन एका दोरीत सुरू. थ्रॉटल दिला तर जीव काढल्यासारखं किंचाळलं, बोट मात्र जागच्या जागी. मी पंख्याला शिव्या देत होतो. शेजारी जाळं विणत बसलेले एक कोळी काका मान वर न करता म्हणाले, "पंखा वारा खातंय, पानी नाय." झालं असं होतं की सुताराने हौसेने नव्या फळीवर सागवानी पट्टी बसवली होती, पाच सेंटिमीटरची. तेवढ्याने पंखा वर आला आणि पाण्याऐवजी वरून हवा ओढायला लागला. पट्टी काढली, बोट निघाली. काकांनी तेव्हाही वर पाहिलं नाही.

इंजिन जुनं, पेट्रोल नवं

टू-स्ट्रोक हलकं, साधं, स्वस्त; पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं (बहुतेकांना लीटरला २० मिली), धूर होतो आणि ते पितं जास्त. फोर-स्ट्रोक शांत, कमी पितं, पण जड, आणि गाडीत न्यायचं तर ठरलेल्या कुशीवरच आडवं ठेवायचं, नाहीतर तेल भलत्या ठिकाणी जातं. जुनं घेताना इंजिन गार असताना बघायला जा. तुम्ही पोचायच्या आधीच ते गरम करून ठेवलेलं असेल तर काहीतरी लपवलंय. सुरू झालं की मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. ती थंड करणाऱ्या पाण्याची खूण. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा: मधासारखं हवं, दुधाळ चहासारखं दिसलं तर सील गेलंय आणि खाडी आत आलीय.

आता पेट्रोल. आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं, २०३० चं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं, आणि जुन्या गाड्यांचं काय यावर बराच वाद रंगला. बोटवाल्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. बहुतेक आउटबोर्ड (म्हणजे अशी मागच्या फळीवर लावायची इंजिनं) कंपन्यांची पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगते. कारण इथेनॉल पाणी शोषतं आणि बोटीची टाकी कायम दमट हवेत असते. पाणी ठराविक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर धरतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये तर हा थर आणखी वाईट, त्यात तुम्ही मिसळलेलं तेल जवळजवळ नसतंच. इंजिन कोरडं घासतं. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात.

पेट्रोलच नको म्हणायची सोय नाही, पण सवयी बदलता येतात. लागेल तेवढंच भरा. पावसाळाभर टाकीत ठेवू नका, उरलेलं स्कूटरमध्ये ओता (तेल मिसळलेलं नसेल तर). नळ्या नव्या घाला आणि मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. परत आल्यावर नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. लागेल किती? फोर-स्ट्रोकला पूर्ण जोरात दर एचपीला तासाला ०.४ लीटर धरा. दहा एचपीला चार लीटर. एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडचणीला.

'बॅटरीवरची मोटर का नको?'

तलावात जरूर. खाडीत जरा गणित करा. या छोट्या १२ व्होल्टच्या मोटरी पूर्ण जोरात ५० अँपिअर ओढतात, म्हणजे ६०० वॅट, एक एचपीपेक्षा कमी. १०० अँपिअर-तासाची साधी इन्व्हर्टरसारखी बॅटरी पंचवीस-तीस किलोची, आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरली तर ती टिकते. म्हणजे तासभर, ताशी पाच-सहा किलोमीटरने. उधाणाच्या ओहोटीला वाशी पुलाखालचं पाणी बघा आणि तुम्हीच ठरवा कोण जिंकेल. लिथियमची बॅटरी वजनाने निम्म्याहून कमी आहे, पण ओहोटी तेवढीच जोरात आहे.

खाडीचं स्वतःचं वेळापत्रक

इथे इंजिनापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. उधाणाला आपल्याकडे पाणी चार मीटरच्या वर चढ-उतार करतं आणि ते सारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांत पहिल्या तासाला बाराव्या भागाएवढं, मग दोन भाग, तीन, तीन, दोन, एक. चार मीटरची ओहोटी असेल तर तिसऱ्या एका तासातच मीटरभर पाणी जातं. गळ टाकून गप्पा मारणाऱ्याला ते कळत नाही. बोट खाली टेकली की कळतं. मग चिखल मांडीपर्यंत, उतरता येत नाही, आणि सहा तास डास. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, चढ-उतार कमी असतो. नवख्याने तेव्हा जावं.

उथळ पाण्यात इंजिन थंड करायला पाण्याऐवजी चिखल ओढतं आणि आतला रबरी चक्का, इम्पेलर, झिजतो. तो दरवर्षी बदला. पुलांच्या आसपास निर्माल्याच्या पिशव्या पंख्यात अडकतात आणि पाणी घ्यायची जाळी बंद करतात, धार थांबली की लगेच इंजिन बंद. जेट्टीच्या खांबांवरची कालवं तर ट्यूबला ब्लेडसारखी कापतात, तिथे बोट बांधताना मध्ये जुना टायर हवाच. घरी आल्यावर पिंपात गोडं पाणी भरून इंजिन दहा मिनिटं चालवा.

बोटीत दोन वल्ही, पंप, बादली, शिट्टी, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट (बुडाखाली नव्हे), आणि फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४. नांगराच्या दोरीला पुढे दोन मीटर साखळी लावा, आणि दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडा.

परवानगी, आणि सोसायटीचा ठराव

इंजिन लावलं की होडी यंत्रचलित होते आणि नोंदणी-तपासणीचा कायदा लागू होतो. अंतर्गत पाण्यासाठी तो २०२१ चा आहे. बोट घेण्याआधीच महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात कागद विचारून घ्या. ऐरोली ते वाशी पुलांदरम्यानचा खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ठाणे खाडी रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळही आहे. तिथे इंजिन लावून पक्षी उडवत हिंडणं हौस नव्हे, गुन्हा ठरतो.

आणि सेक्रेटरीसाहेब, तुमच्यासाठी: आवारात तुंबलेल्या पाण्यात इंजिन लागतच नाही. खाली पडलेल्या दुचाक्या, तारा, उघडी गटारं असतात, आणि पंख्याजवळ चालणारी माणसं. दोन वल्ही, एक लांब बांबू आणि आजीला झोपवता येईल असा टणक तळ, एवढं पुरतं. वाहत्या नदीचं काम एनडीआरएफवर किंवा महापालिकेच्या पथकावर सोडा.

परवा त्या जाहिरातीतल्या नंबरवर मी फोन लावला. "फळी किती सेंटिमीटरची आहे हो?" पलीकडे जरा शांतता. मग आवाज आला, "फळी? अहो साहेब, तुम्ही इंजिन बघा ना आधी."